शाईला शिव्या देण्याआधी रोलर बघा

ऑफसेट छपाईच्या मशीनवर काम बिघडलं की आपल्याकडे पहिला आरोपी ठरलेला असतो, शाईचा डबा. शाई डुप्लिकेट आली, शाई पातळ आली, ह्या कंपनीची नको ती आणा. डबा बदलतो, दोनशे शीट बरे जातात, आणि परत तेच. मी पण वर्षानुवर्षं हेच केलंय म्हणून सांगतोय.

सोलापूरला होतो तेव्हाची गोष्ट. लग्नसराई, सिंगल कलर जीटीओ 46 (छोटी ऑफसेट मशीन), आयव्हरी बोर्डवर पत्रिका, रंग कुंकवासारखा लाल. पहिले दोन-अडीचशे शीट झकास निघाले, मग उजव्या बाजूला लाल फिका पडायला लागला. मी त्या बाजूच्या, शाई कमी-जास्त करायच्या, चार चाव्या सोडल्या. शंभर शीट बरे, परत फिका, परत सोडल्या. तेवढ्यात प्लेटच्या (ज्यावर मजकूर असतो तो पत्रा) कडेला घाण धरायला लागली, म्हणजे कोऱ्या जागी शाई बसायला लागली, म्हणून पाणी वाढवलं, पाणी वाढवल्यावर लाल धुतल्यासारखा झाला म्हणून परत शाई वाढवली, असं करत तासाभरात रोलरवर शाईचा नुसता चिखल आणि डिलिव्हरीच्या थप्पीत प्रत्येक पत्रिकेच्या पाठीवर उलटा गणपती. मालकाने नवीन डबा आणला, तरी तेच. शेवटी शेजारच्या प्रेसमधले एक वयस्कर मशीनमन चहाला आले होते, त्यांनी शाईकडे बघितलं पण नाही. मशीन थांबवायला लावली, पूर्ण धुवायला लावली, आणि उजव्या टोकाला वायब्रेटरवर (डावी-उजवीकडे सरकत शाई सारखी पसरवणारा रोलर) ओलं बोट फिरवून म्हणाले, "अरे, हा रोलर शाई घेतच नाहीये, तू खायला कुणाला घालतोयस?"

त्या ओल्या बोटाची टेस्ट सगळ्यात आधी सांगतो कारण ती फुकट आहे आणि बहुतेक लोक करत नाहीत. रोलर धुवून कोरडा केलात की त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब अळवाच्या पानावर राहतो तसा गोळा होऊन राहिला तर रोलर ठीक आहे, त्याला शाई आवडते. थेंब पसरला, रोलर सगळीकडे ओला झाला, तर समजायचं की त्या जागी रोलरने पाण्याशी मैत्री केलीय आणि आता शाई तिथे टिकणार नाही. ह्यालाच स्ट्रिपिंग म्हणतात. चालू मशीनवर बघितलं तर वायब्रेटरवर मध्येच उघडा पट्टा दिसतो, आजूबाजूला शाई आणि तिथे चकचकीत टक्कल.

हे होतं कशामुळे? गम (प्लेटला लावतात तो गोंद), जास्त आम्ल असलेलं फाउंटन (प्लेट ओली ठेवणारं, केमिकल घातलेलं पाणी), आणि आपलं बोअरचं पाणी. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपली धुण्याची पद्धत. आपण रॉकेल मारतो, शाई निघून जाते, रोलर काळाचा लाल झाला की खूश. पण रॉकेलने गम निघत नाही, गम पाण्यात विरघळतो. म्हणजे रोज शाई जाते आणि गमचा पातळ थर राहतो, त्यावर कागदाची पावडर, त्यावर दुसऱ्या दिवशीचा गम, असं करत रबराची बारीक छिद्रं बुजतात आणि रोलर काचेसारखा होतो. चांगला रोलर हाताला मखमलीसारखा लागतो, ग्लेझ झालेला रोलर लागतो स्टीलच्या ताटासारखा. म्हणून धुताना आधी रॉकेल किंवा वॉश, मग कोमट पाणी, मग परत वॉश, आणि शेवटी कोरडं. कोमट पाण्याला पाच मिनिटं जास्त लागतात, पण महिन्यातून एकदा रोलर बदलायचा विचार मनात येतो तो येत नाही.

आधीच ग्लेझ झाला असेल तर डीग्लेझर पेस्ट मिळते, प्युमिसवाली. थोडी रोलरवर सोडा, मशीन हळू चालवा चार-पाच मिनिटं, मग कोमट पाण्याने पूर्ण काढा, मग वॉश. पेस्टचे कण राहिले तर उद्या तेच प्लेटवर ओरखडे काढतील, त्यामुळे काढताना आळस नको. रोलर पांढरट दिसत असेल, धुवून वाळल्यावर राख फासल्यासारखा, तर तो गम नाही, कॅल्शियम आहे. बोअरच्या पाण्यातला चुना आणि आर्ट पेपरच्या कोटिंगमधला चुना. हे रॉकेलला पण ऐकत नाही आणि नुसत्या पाण्याला पण नाही, त्याला सौम्य आम्ल लागतं. कॅल्शियम रिमूव्हर आणा, नसेल तर साधं पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याने. रोलर स्टीलचा उघडा असेल आणि परत परत स्ट्रिप होत असेल तर त्यावर कॉपरायझिंग सोल्युशन मारतात, तांब्याचा पातळ थर बसतो, तांब्याला शाई चिकटते.

आणि हो, हे सगळं करताना हात. चालू मशीनमध्ये फडकं घालायचं नाही, कितीही घाई असो. फडकं आत गेलं की बोट सोडायला वेळ मिळत नाही, माझ्या डाव्या हाताच्या एका बोटाचं नख आजही वाकडं आहे. इंचिंगवर, म्हणजे बटण दाबून थोडी थोडी, फिरवा, थांबवा, पुसा, परत फिरवा. गार्ड काढून काम करणाऱ्यांना मी काय सांगणार.

आता पाणी. ऑफसेटचा सगळा खेळ तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत ह्यावर आहे. सेनेफेल्डरने 1796 साली जर्मनीत दगडावर हेच बघितलं, आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या प्रेसमध्ये लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं छापली तीही दगडावर ह्याच तत्त्वाने, आपली ॲल्युमिनियमची प्लेट तेवढी नवीन. त्यामुळे पाण्याचा तोल गेला की शाई कितीही भारी असू दे, काही उपयोग नाही.

पाणी किती ठेवायचं ह्याचं माझं गणित सोपं आहे. काम लागलं, रंग जमला की पाणी थोडं थोडं कमी करत जा, जोपर्यंत प्लेटच्या मागच्या कडेला किंवा कोपऱ्यात शाई धरायला सुरुवात होत नाही. धरली की एक-दोन खाच परत वर. तिथेच ठेवा. बहुतेक मशीनमन उलटं करतात, भरपूर पाण्यावर सुरू करतात आणि रंग फिका वाटला की शाई ओततात, मग शाई जास्त झाली म्हणून पाणी, आणि हे चक्र सेट-ऑफ होईपर्यंत, म्हणजे एका शीटची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागेपर्यंत, चालतं.

पाणी जास्त झालंय हे कसं ओळखायचं? शाई डक्टमध्ये (मशीनवरच्या शाईच्या टाकीत) लोण्यासारखी तुटक दिसते, चमचा फिरवला की पाण्याचे थेंब दिसतात, सॉलिडमध्ये (भरगच्च रंगाच्या जागेत) बारीक पांढरे ठिपके येतात, कागद बाहेर येताना गोळा होतो. आणि आवाज. चांगल्या रोलरवर शाईचा एक बारीक सरसर आवाज येतो, तव्यावर थोडं तेल तापतं तसा. शाई जास्त झाली की तो चपचप होतो, आणि पाणी मुरलं की आवाज मरतो. पहिल्या सहा महिन्यांत हे कळत नाही, मग एक दिवस पाठ फिरवून चहा पिताना पण कळतं. शाईत पाणी मुरलं असेल तर चाव्या फिरवून ती सुधारत नाही, डक्ट रिकामा करा, रोलर धुवा, ताजी शाई घाला. दोनशे ग्रॅम शाई वाचवायला दोन रीम कागद घालवू नका.

फाउंटनचा पीएच 4.8 ते 5.5 मध्ये हवा. पीएच मोजायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, त्या घ्या, जिभेने चव बघणारे लोक मी पाहिलेत, तसलं काही करू नका. साडेचारच्या खाली गेलं की शाई वाळत नाही कारण ड्रायर मरतो, रोलर स्ट्रिप व्हायला लागतात, प्लेटवरची इमेज पण पुसट होते. साडेपाचच्या बरंच वर गेलं की घाण धरते. आणि केमिकल डोळ्याने ओतायचं नाही, मापाने. "थोडं जास्त टाकलं तर बरंच" हा समज प्रेसलाइनमध्ये कुणी आणला देव जाणे. बोअरचं पाणी जड असेल तर आरओचं घ्या, केमिकल त्या पाण्याला चालतं का ते विक्रेत्याला विचारून.

कापडी डॅम्पिंग रोलरवाल्या मशीनवर आणखी एक बघा, मोल्टन, म्हणजे त्या रोलरवर चढवलेलं कापड. ते शाईने काळं कडक झालं असेल तर पाणी सारखं पसरणार कसं? चट्टे पडणारच. शिवण सैल झालेलं, टोकाला गोळा झालेलं मोल्टन म्हणजे प्लेटवर पट्टे आणि कागदावर दोऱ्या.

घाण धरण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा. मशीन थांबवून प्लेट ओल्या स्पंजने पुसा. पुसून गेली, पण शीट चालू केले की सगळ्या प्लेटभर हलका रंग परत आला, तर ते टिंटिंग, म्हणजे शाईच पाण्यात मिसळतेय. काही लाल-गुलाबी शाया ह्या बाबतीत वाईट असतात, रंग सोडतात. तिथे फाउंटन बदला, पाण्याचा ट्रे धुवा, मग शाई बदला. स्पंजने सहज जात नाही, किंवा गेली तरी नेमकी त्याच जागी परत धरते, तर ते स्कमिंग, तिथे प्लेट खराब आहे, पाणी कमी पडतंय किंवा फॉर्म रोलर (प्लेटला शाई लावणारा रोलर) प्लेट घासतोय. प्लेट क्लीनर मारा, गम करा, आणि रोलरचं सेटिंग बघा.

रोलरचं सेटिंग हा खरा मुद्दा आहे आणि ह्यावर मी जरा लांबण लावणार आहे.

रोलर दाबाने बसवतात तिथे शाईचा पट्टा उमटतो, त्याच्या रुंदीवरून दाब कळतो. ढोबळ गणित असं की एक इंच व्यासाच्या रोलरला साधारण एक सोळांश इंच पट्टा. जीटीओसारख्या छोट्या मशीनवर फॉर्म रोलरचा प्लेटवर 3 ते 4 मिमी म्हणजे ठीक, नेमका आकडा मशीनच्या पुस्तकात असतो, पुस्तक हरवलं असेल तर झेरॉक्स मिळवा. बघायचं असं: रोलरवर थोडी शाई लावून सारखी करा, पाणी बंद, प्लेट गम करून कोरडी. मशीन थांबवा, फॉर्म रोलर प्लेटवर टेकवा, उचला. प्लेटवर प्रत्येक रोलरची एक रेघ दिसेल. ती रेघ डावीकडून उजवीकडे सारखी हवी. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक म्हणजे दाब तिरका. टोकांना जाड आणि मध्ये बारीक म्हणजे मध्ये रबर झिजलंय. मध्येच रेघ तुटली म्हणजे तिथे खड्डा. शेवटच्या दोन्हीत सेटिंगने काही होणार नाही, रोलर ग्राइंडिंगला किंवा नवीन रबर चढवायला पाठवा. घट्ट करून भागवायला गेलात की टोकांना रबर तापून सुटतं.

क्रम महत्त्वाचा. आधी फॉर्म रोलर वायब्रेटरला सेट करायचा, मग प्लेटला. कारण वायब्रेटरला हात लावला की प्लेटचा दाब बदलतो, उलट केलंत तर फिरत राहाल. आणि वायब्रेटरकडचा दाब प्लेटपेक्षा किंचित जास्त ठेवायचा म्हणजे रोलर वायब्रेटरच्या गतीने फिरतो. प्लेटकडे जास्त झाला की प्लेटच त्याला ओढते, सिलेंडरची गॅप आली की रोलर आपटतो आणि ग्रिपरकडे, म्हणजे कागद पकडला जातो त्या कडेला, आडवा पट्टा उमटतो.

पट्ट्यावरून आठवलं. आडव्या रेघा येत असतील तर आधी पट्टीने दोन रेघांमधलं अंतर मोजा. सगळी अंतरं सारखी आणि सिलेंडरच्या गिअरच्या दातांशी जुळणारी असतील तर तो गिअरचा पट्टा आहे, पॅकिंग (सिलेंडरवर प्लेटखाली घालतात ते कागद) जास्त झालंय का मायक्रोमीटर लावून बघा, मग गिअरचं ग्रीस आणि झीज. एकच पट्टा आणि नेहमी त्याच जागी, तर रोलर. कुठला ते शोधायला फॉर्म रोलर एकेक करून उचला आणि दहा-दहा शीट काढा, ज्याला उचलल्यावर पट्टा गेला तो गुन्हेगार. बेअरिंग पण हलवून बघा. सगळा दाब बरोबर पण बेअरिंग खेळतंय अशी केस मी दोनदा पाहिलीय, दोन्ही वेळा आम्ही रबराला शिव्या घालत होतो.

रबराचं वय पण असतं. शोअर ए मीटर (रबराचा कडकपणा मोजणारा) असेल तर नवीन रोलर आला तेव्हाचा आकडा त्याच्या टोकावर किंवा वहीत लिहून ठेवा. फॉर्म रोलर साधारण 25 ते 35 मध्ये येतो. दहा-पंधरा पॉइंट वर गेला की तो रोलर कितीही चकाचक दिसू दे, शाई नीट घेणार आणि देणार नाही. मीटर नसेल तर शेजारच्या नवीन रोलरवर नख दाबा आणि ह्यावर दाबा, फरक नखाला कळतो. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल हे रबराचे शत्रू. थिनरने रोलर दोन मिनिटांत साफ होतो आणि दोन महिन्यांत फुगतो. यूव्ही शाई चालवायचा विचार असेल तर साध्या शाईचे रोलर तसेच वापरू नका, ऑर्डर देतानाच सांगा कुठली शाई आणि कुठला वॉश.

आता उरलेलं पटापट. गोल डोनटसारखे ठिपके, मध्ये रंग आणि भोवती पांढरी कडा, ते हिकी. शाईची साय किंवा धूळ. डब्यातली साय उचलून काढा, ढवळून आत मिसळू नका, आणि डबा ठेवताना शाई सपाट करून वर बटर पेपर चिकटवा. घोस्ट, म्हणजे सॉलिडमध्ये वरच्या अक्षरांची सावली, बहुतेक वेळा लेआउटमुळे येतो, जिथे वर जास्त शाई खपते तिथे खाली रोलर उपाशी राहतो. पत्रिकेच्या जाड बॉर्डरला हे हमखास होतं. काम आडवं लावून बघा, किंवा वेस्टेजच्या जागी शाई खाणारा पट्टा द्या. शाई उडत असेल, गार्डवर लाल धुकं बसत असेल, तर शाई जास्त आहे, किंवा गरम होऊन लांब झालीय, किंवा स्पीड जास्त. कागदाचे तुकडे ब्लँकेटवर (प्लेटवरची शाई कागदावर नेणारं रबर) येत असतील तर टॅक म्हणजे शाईचा चिकटपणा जास्त, तो कमी करणारा रिड्यूसर टाका पण दोन-तीन टक्क्यांच्या वर नाही. शाईत रॉकेल टाकणाऱ्या भावांनो, कृपा करून थांबा. चार रंग ओल्यावर ओले छापत असाल तर आधी जास्त टॅकची शाई, मग कमी कमी.

मेटॅलिक बोर्डवरच्या पत्रिकांसाठी वेगळं सांगतो कारण लग्नसराईत सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते. तो बोर्ड शाई शोषत नाही, त्यामुळे साधी शाई वरच बसून राहते, दुसऱ्या दिवशी पण बोटाला लागते. फॉइल इंक घ्या जी हवेनेच वाळते, पाणी अगदी कमी, पावडर मारा, आणि थप्पी चार-पाच इंचांच्या वर जाऊ देऊ नका. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी रात्रभर सोडाच. पावसाळ्यात आणखी वेळ धरा, हवेत ओल असली की शाई वाळायला आळस करते आणि कागदाच्या कडा पापडासारख्या होतात, बंडल आयत्या वेळी फोडा. मे महिन्यात उलटं, नागपूर-चंद्रपूरकडे 45 डिग्रीला शाई पातळ होऊन घाण धरते, तिथे सकाळी लवकर काम काढणं हा पण इलाजच आहे. डिसेंबरात पहाटे शाई डक्टमधून खाली उतरत नाही, चमच्याने घोळवा, मशीन दहा मिनिटं रिकामी फिरवा, मग चाव्यांना हात लावा.

काहीही केलं तरी एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीस-चाळीस शीट काढून बघा. मी सोलापूरला पाणी, शाई, पॅकिंग तिन्ही एकदम हलवलं होतं, त्यामुळे बरं झालं तरी कशाने झालं हे कळलं नसतं. त्या दिवशी शेवटी डीग्लेझर मारला, व्हिनेगरने पुसलं, सगळ्या चाव्या परत मूळ जागी आणल्या, आणि त्याच जुन्या डब्यातल्या शाईने उरलेल्या पत्रिका छापल्या. नवीन आणलेला डबा नंतर चार महिने कपाटात पडून होता, मालक दर शनिवारी तो मला दाखवायचे.

रात्री बंद करताना प्लेट गम केली का, डॅम्पिंग उचललं का, आणि फॉर्म रोलर प्लेटवरून वर आहेत का एवढं बघून जा. टेकलेला राहिला तर रबराला रात्रभरात सपाट डाग पडतो आणि सकाळी पहिल्याच शीटवर पट्टा. काढलेले रोलर जमिनीवर लोळवू नका, रबर कशालाही न टेकता दांड्यावर अडकवा, आणि मोटर-पॅनलपासून लांब ठेवा.